पाऊस परतीला लागला की

जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीत जाऊन आलेल्यांचे फोटो एकदा नीट बघा. धबधबा असतो, रंगीबेरंगी रेनकोट असतात, पांढऱ्याशुभ्र पडद्यासमोर उड्या मारणारी माणसं असतात. डोंगर नसतो. तो त्या पडद्यामागे कुठेतरी उभा असतो आणि आपण त्याच्याच अंगावर उभे आहोत, हे केवळ गुगल मॅपच्या भरवशावर मानायचं. भिजायला मलाही आवडतं, पण भिजायचंच असेल तर गच्ची काय वाईट? तिथे गरम भजी तरी चटकन वर येतात. आमच्या भटक्या मंडळींत हे मत मांडलं की चार जण तरी तुटून पडतात. पडोत.

मला डोंगर आवडतो तो गणपती गेल्यानंतरचा. पितृपंधरवडा लागतो, शहरात शुभकार्यं थांबतात, लोकांना एकदम रिकामे शनिवार-रविवार मिळतात आणि तरीही बहुतेक जण घरीच बसतात, कारण त्यांच्या लेखी ट्रेकचा सीझन संपलेला असतो. तिथून कोजागिरीपर्यंतचे चार-पाच आठवडे म्हणजे माझा सीझन. पावसाचं पाणी अजून ओढ्यांत खळाळत असतं, गवत हिरवं असतं, पण ढगांनी मुक्काम हलवलेला असतो. सकाळी उठून बघावं तर कालपर्यंत नसलेल्या डोंगररांगा खिडकीसमोर ओळीने हजर.

आपल्याकडे या दिवसांचा हिशेब नक्षत्रांवर चालतो. तेरा सप्टेंबरच्या आसपास उत्तरा लागते. ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’ ही म्हण मावळात आणि अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात आजही ऐकू येते. दाणा भरायच्या वेळी एवढं पाणी मिळालं, तर भात इतका होतो की कुत्रंही त्याला तोंड लावत नाही. मग सत्तावीसच्या सुमारास हस्त. भोंडल्याच्या पाटावर आपण हत्ती काढतो तो याच हस्ताचा. हत्तीचा पाऊस म्हणजे गडगडाटाचा, धो धो आणि थोड्या वेळाचा. हवामान खात्याच्या पुस्तकात मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी २९ सप्टेंबर होती. २०२० साली खात्याने नव्या सरासरीनुसार ती ८ ऑक्टोबर केली. माझ्यासारखीला ही बातमी आनंदाची वाटायला हवी, सीझन लांबला म्हणून. पण कापणीला आलेल्या हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या, भातावर जेव्हा ऑक्टोबरचा पाऊस कोसळतो, तेव्हा त्या आनंदाची लाज वाटते.

या दिवसांत आमची पावलं बहुतेक वेळा अकोले तालुक्याकडे वळतात. संगमनेर, अकोले, राजूर आणि मग एकेरी, वळणावळणाचा रस्ता धरून पायथ्याचं गाव पाचनई. हरिश्चंद्रगडाच्या सगळ्या वाटांमध्ये इथली सोपी. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून चढणारे आमच्याकडे जरा तुच्छतेने बघतात, नळीच्या वाटेने आलेले तर बघतही नाहीत. बघू नका. पाचनईची वाट दोन-अडीच तासांची आहे आणि तिचा एक टप्पा अख्ख्या सह्याद्रीत मला फार प्रिय आहे. डोक्यावर पुढे झुकलेला काळा कातळ, त्याच्या पोटाखालून जाणारी पायवाट, आणि दुसऱ्या हाताला खोल दरी. जुलैत इथे वरून पाण्याची दोरी-दोरी सुटलेली असते आणि खालच्या शेवाळावरून जीव मुठीत धरून जावं लागतं. सप्टेंबरअखेरीस शेवाळ वाळून खरखरीत होतं, कातळ अंगातलं पाणी थेंबाथेंबाने सोडत राहतो. तिथे पाठ टेकून बसलं की उठवत नाही.

पहाटे लवकर निघालं तर वाटेवरचा पहिला कर घ्यायला कोळी बसलेले असतात. दोन झाडांच्या मध्ये, बरोबर आपल्या तोंडाच्या उंचीवर, परातीएवढी जाळी. तिच्या मधोमध हाताच्या पंजाएवढी, काळी-पिवळी मादी. इंग्रजीत हिला जायंट वूड स्पायडर म्हणतात. जवळ जाऊन बघाल तर तिच्या आसपास एखादा नखाएवढा तांबूस किडा दिसेल. तो तिचा नवरा. माझी मैत्रीण कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, पण कोळी दिसला की ती झाडं विसरते. उन्हाची तिरीप पडली की ते रेशीम सोनेरी दिसतं आणि बोटाने हलकेच दाबलं तर चक्क ताण देतं. जो पुढे चालेल त्याने हातात काठी धरायची, पण जाळं तोडायचं नाही, वाकून खालून जायचं, असा आमचा नियम आहे. वाकायला गुडघे कुरकुर करतात. करू देत.

वर पठारावर आलं की सोनकी. एक फूल हातात घेतलं तर साधंच, छोटं, पिवळं, शेवंतीच्या दूरच्या नात्यातलं. पण ती एकटी येतच नाही. कड्याच्या कडेकडेने, उतारावर, देवळाच्या मागच्या टेकडीवर, जिथे मातीची बोटभर पापडी असेल तिथे सगळीकडे तीच. तिच्यामध्ये गुलाबी तेरडा, पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांचा कुर्डू, आणि खाली गवतात लपलेला कवळा. कवळ्याच्या पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके असतात, त्यामुळे हल्लीची पोरं त्याला मिकी माऊस म्हणतात. नाव बरोबर बसतं, तक्रार नाही.

खरी गंमत मात्र गुडघ्यांवर बसल्याशिवाय दिसत नाही. गडाच्या सपाट कातळावर, ज्याला आपण सडा म्हणतो, तिथे पाणी साचून झिरपत राहतं आणि त्या ओलीत निळसर जांभळ्या फुलांचा इवलासा गालिचा पसरतो. सीतेची आसवं. नाव एवढं हळवं आणि झाड पक्कं शिकारी. मैत्रिणीने भिंग दिलं तेव्हा मुळांसारख्या धाग्यांपाशी मोहरीपेक्षाही बारीक पिशव्या दिसल्या. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव त्या पिशवीच्या तोंडावरच्या केसाला लागला की झडप उघडते, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि झडप बंद. त्याच्या शेजारी ड्रॉसेरा, ज्याला दवबिंदू म्हणतात. तिच्या लालसर पानांवर चमकणारे थेंब दवाचे नसतात, चिकाचे असतात. एक चिलट तिथे अडकलेलं होतं आणि पाय सोडवायच्या धडपडीत आणखी गुंतत होतं. आम्ही दोघी किती वेळ ओणव्या बसून बघत होतो कोण जाणे. मागून आलेल्या एका ग्रुपने विचारलं, “काही हरवलंय का?”

या शिकारीमागचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. हा कातळ बेसॉल्टचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावर माती नावालाच. जी आहे तिच्यातला नायट्रोजन चार महिन्यांचा पाऊस धुऊन नेतो. मग जगायचं कसं? मातीत मिळत नाही ते हवेत उडणाऱ्यांकडून आणि पाण्यात पोहणाऱ्यांकडून वसूल करायचं. तेही झटपट, कारण ऑक्टोबरचं ऊन लागलं की हा ओला कातळ तव्यासारखा तापतो आणि दुकान बंद. फूल, बी, मरण, सगळं या काही आठवड्यांत उरकायचं असतं. सड्यावर बूट घालून सेल्फी काढत फिरणाऱ्यांना आपल्या पायाखाली काय चाललंय, याची कल्पना नसते. कास पठारावर शेवटी तिकीट लावावं लागलं, रोजच्या माणसांवर मर्यादा घालावी लागली. इथे अभयारण्य आहे, पायथ्याशी पावती फाडली जाते, पण वर सड्यावर तुमच्यावर लक्ष ठेवणारं कोणी नाही.

कारवीचं सांगायचं राहिलं. गडाच्या उतारांवर तिचीच दाटी आहे. वर्षानुवर्षं नुसती हिरवी वाढते, तिच्या काठ्यांचे कुड करून त्यावर शेणमाती लिंपली की घराची भिंत तयार. आणि मग सात-आठ वर्षांनी एकदा सगळी मिळून फुलते, बी टाकते, मरते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात २००८ आणि नंतर २०१६ साली ती फुलली होती. पण प्रत्येक डोंगराचं वेळापत्रक सारखं नसतं. एका खोऱ्यात जांभळा पूर आलेला असतो आणि पलीकडच्या खोऱ्यात पानंच पानं. त्यामुळे ‘यंदा कारवी आहे’ असा निरोप कोणी धाडला, की कुठली, हे आधी विचारावं.

हरिश्चंद्रगडावर गेलेला माणूस केदारेश्वराच्या लेण्यात डोकावतोच. भलंमोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं बर्फगार पाणी, चार खांबांपैकी शाबूत राहिलेला एकच. हा खांब पडला की कलियुग संपणार, असं सांगतात. त्या पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालणाऱ्यांच्या किंकाळ्या ऐकल्या की कलियुग संपायला फारसा वेळ उरलेला नाही असं वाटतं. मी काठावरून नमस्कार करते.

आणि मग कोकणकडा. पश्चिमेला तोंड करून उभी असलेली, आत वळलेली, वाटीचा अर्धा तुकडा ठेवावा तशी अजस्र भिंत. खाली बेलपाड्याची घरं, पलीकडे माळशेजचे डोंगर. बहुतेक लोक तिथे सूर्यास्ताला जातात, आणि सूर्यास्त छानच असतो. पण या दिवसांत मी सकाळीही जाते. सूर्य आपल्या पाठीमागे, पूर्वेला, नुकताच वर आलेला. समोर कोकणातून धुकं चढत कड्याच्या काठापर्यंत आलेलं. तेव्हा, रोज नाही, नशीब असेल तेव्हा, त्या धुक्यावर आपली सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत गोल कडं उमटतं. इंद्रवज्र.

मला ते एकदा धड दिसलं आहे. बाहेरची कड लालसर, आत पिवळा, मग निळा, मधोमध माझं डोकं. मी हात वर केला, सावलीने केला. शेजारी उभी असलेली मैत्रीण म्हणाली, “माझ्या डोक्याभोवती आहे, तुझ्या नाही.” मला माझ्याच दिसत होतं. यावर आम्ही बराच वेळ वाद घातला, आणि दोघींचंही बरोबर होतं. धुक्यातल्या अतिसूक्ष्म थेंबांवरून प्रकाश जवळजवळ आल्या वाटेने परत फिरतो. त्यामुळे ते कडं ज्याच्या-त्याच्या डोळ्यांच्या रेषेतच तयार होतं. मी तिच्या डोक्याभोवतीचं बघूच शकत नाही. पावसातलं इंद्रधनुष्य केवढं तरी मोठं असतं, हे त्यापुढे बोटभर. तीन-चार मिनिटांत धुकं विस्कटलं आणि कडं गेलं.

मराठीत बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं की कर्नल साइक्सला १८३५ साली इथे इंद्रवज्र दिसलं. विल्यम हेन्री साइक्स मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरला, हे खरं. पण १८३१ मध्ये तो इंग्लंडला परतला होता. १८३५ हे त्याचा दख्खनच्या हवामानावरचा निबंध लंडनमध्ये छापून आला त्याचं साल. त्या निबंधात त्याने हरिश्चंद्रगडावरच्या या गोल इंद्रधनुष्याचं वर्णन केलंय, आणि त्यात एक गोष्ट मला भारी आवडते. वर्तुळाच्या मधोमध त्याला आपल्याबरोबर आपल्या घोड्याची आणि सोबतच्या माणसांचीही सावली दिसली होती, चौकटीतल्या चित्रासारखी. घोडा कुठल्या वाटेने वर चढवला असेल, यावर आमच्यात अजून एकमत झालेलं नाही.

धुकं उतरलं की गडाच्या तारामती शिखरावर जायचं. चढ फार नाही. वर गेलं की अख्ख्या पश्चिम घाटाचा उभा छेद दिसावा तशी हवा असते. उत्तरेला आजोबाचा डोंगर, कात्राबाई, रतनगड, त्याच्या शेजारचा खुट्टा, मागे अलंग-मदन-कुलंग, आणि त्या सगळ्यांवर डोकं काढून १६४६ मीटरचं कळसूबाई. दक्षिणेला पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी, पलीकडे चावंड, हडसर, जीवधन, आणि नजर चांगली असेल तर शिवनेरी. पावसाने हवेतली सगळी धूळ खाली बसवलेली असते. एकावर एक रचलेले लाव्हाचे थर मोजता येतात. काळा पट्टा, हिरवी फळी, पुन्हा काळा पट्टा. डिसेंबरात थंडी छान असते, पण तोवर धुरकट झालेलं असतं. मेमध्ये तर आजोबाही नीट दिसत नाही. मी डोंगरावर जाऊन ‘तो कुठला, तो कुठला’ करत बसणाऱ्यांपैकी आहे. ज्यांना हा खेळ आवडतो त्यांच्यासाठी वर्षात हे एवढेच दिवस.

पण या दिवसांचा एक काटा आहे आणि तो लोक विसरतात. जुलै-ऑगस्टचा पाऊस खालच्या ढगांतून दिवसभर पडतो, पण विजा फारशा नसतात. परतीच्या पावसाचं उलट. सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं. ऊन तापतं, जमिनीतली ओल वाफ होऊन चढते, बारा-एकच्या सुमारास पूर्वेला फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे ढग फुगायला लागतात, आणि तीनला कडाडकड. त्या वेळी उघड्या माथ्यावर किंवा कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर असणं म्हणजे आपण होऊन निमंत्रण देणं. म्हणून उजाडताच चढायला लागायचं आणि दोनच्या आत खाली नाहीतर पक्क्या आडोशाला यायचं. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. ‘अजून अर्धा तास बसू’ म्हणणारा एक तरी प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याचं ऐकायचं नाही. आणखी एक सांगते. पाऊस ओसरला की साप कातळावर ऊन खायला येतात, फुरसं तर दगडाच्याच रंगाचं असतं. चढताना हात टेकण्याआधी तिथे काय आहे ते बघावं.

खाली उतरताना गाव लागायच्या आधी शेतं लागतात, आणि वरच्या पिवळ्यापेक्षा खालचा पिवळा जास्त गडद असतो. तो खुरासणीचा, म्हणजे कारळ्याचा. लांबून अनेकांना ती सोनकीच वाटते. शेजारच्या खाचरांत हळवं भात कलायला लागलेलं, गरवं अजून हिरवं. उतारावर वरई आणि नागली. ज्या दिवसांना मी सुट्टीचे दिवस म्हणते, ते इथे राखणीचे दिवस आहेत. भातात दाणा भरला की रात्री डुकरं येतात, म्हणून बांधावर मचाण बांधून पुरुष माणसं जागी असतात. सकाळी पायवाटेवर भेटणाऱ्या माणसाचे डोळे लाल दिसले तर उगाच भलते तर्क करू नयेत.

ज्या घरी आम्ही जेवतो तिथल्या मावशी आम्हाला बघून दर वेळी हसतात. “ताई, आल्या का गवत बघायला?” भिंगाची हकीकत त्यांना ठाऊक आहे. पानात नागलीची काळसर भाकरी, पिठलं, खुरासणीची चटणी, वेलीवरून आत्ताच तोडलेली काकडी. खुरासणीच्या चटणीला एक मातकट, किंचित कडसर चव असते. शहरातल्या पाकिटबंद चटण्यांत ती मला कधी सापडली नाही. त्यांच्याच शेतातली खुरासणी, गेल्या वर्षीची. मैत्रिणीने कौतुकाने विचारलं की एवढी फुलं बघून तुम्हाला कसं वाटतं. मावशी म्हणाल्या, “माशा आल्या का ते बघतो. माशी नाही बसली तर दाणा पोकळ.” खुरासणीला मधमाशी लागते, परागण दुसऱ्या झाडावरून झालं नाही तर बी धरत नाही, हे मैत्रीण वर्गात शिकवते. तिने मान डोलावली आणि आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

मावशींकडून एक गोष्ट मी पक्की शिकले आहे, ती म्हणजे कधी येऊ नये. कोजागिरीनंतर ऊन चटका द्यायला लागतं, गवत पिवळं पडून त्याची कुसळं होतात आणि मोज्यांतून आत शिरतात. संध्याकाळी पायऱ्यांवर बसून ती एकेक उपटत बसावी लागतात. ते एक वेळ सोसता येईल. पण त्याच दिवसांत भात कापणीला येतं, खळी सारवली जातात आणि घरातला प्रत्येक हात शेतात असतो. गेल्या खेपेला मी उत्साहाने फोन केला, चौघी येतोय, जेवायला असू. पलीकडून वाऱ्याचा आवाज, कुणाची तरी हाक, आणि मग मावशी: “आता नको ताई. भात पडलंय, ढग बी आलेत. जेवायला कोण घालणार? यायचंच असेल तर विळे घेऊन या.”

चौघींपैकी दोघी तयार झाल्या. विळे मात्र राजूरच्या बाजारातून घ्यावे लागले.